जखम धुतल्याने टाक्याचा दोरा कमजोर होतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. अण्णांच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून आज नऊ दिवस झाले. वरून काळ्या नायलॉनचे आठ टाके आहेत. घरी आल्यापासून तुम्ही रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम पुसता, वर बीटाडीन लावता, आणि चौथ्या दिवसापासून अण्णा आंघोळही करतात. काल पुसताना एक टाका गॉजला चिकटून निघून आला. आत्या म्हणतात, पाण्याने दोरा कुजला. उरलेले सातही असेच निघतील का आणि धुणं चालू ठेवावं की बंद करावं, हे तुम्हाला कळत नाही.

या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. धुण्याने दोरा कमजोर होतो का, हा एक. धुण्याने जखम उसवते का, हा दुसरा. घरोघरी हे दोन्ही एकच समजले जातात आणि सगळा दोष दोऱ्यावर जातो. मी बावीस वर्षं त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया करतोय. उसवलेल्या जखमा घेऊन जे परत आले, त्यांतल्या बहुतेकांचा दोरा अगदी शाबूत होता.

दोऱ्याचं उत्तर दोरा कोणता यावर ठरतं, म्हणून आधी ते.

अण्णांना घातलेला नायलॉन आणि तसाच तो निळा प्रोलीन हे न विरघळणारे, एकसंध, गुळगुळीत दोरे. नायलॉन शरीरात राहिला तर त्याची ताकद कमी होते, पण वर्षाला साधारण १५ ते २० टक्क्यांनी. प्रोलीनची जवळजवळ कमीच होत नाही. पाठीवरचे टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. तेवढ्या काळात साध्या पाण्याने, साबणाने किंवा बीटाडीनने नायलॉन कुजणं शक्य नाही. त्याला खरी इजा करायला तीव्र आम्लासारखं काहीतरी लागतं, आणि तसलं काही जखमेवर पडलं तर दोऱ्याच्या कितीतरी आधी कातडी जळेल.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. टाक्याचा जो भाग आपल्याला वर दिसतो, तेवढाच किंवा त्याहून जास्त भाग कातडीच्या आत असतो. तिथे तो पहिल्या मिनिटापासून चोवीस तास ओलाच असतो, रक्ताने आणि पेशींमधल्या द्रवाने. जो दोरा आत नऊ दिवस भिजत राहिला, तो वरून पाच मिनिटं तांब्याभर पाणी पडल्याने कसा कुजेल?

आता विरघळणारे दोरे. अण्णांच्या जखमेत हेही असणार. चरबीची गाठ काढली की आत पोकळी राहते. ती बंद करायला आणि कातडीचा खालचा थर जवळ आणायला आम्ही बहुधा व्हिक्रिल किंवा तसाच दोरा वापरतो. तो पाण्यानेच विरघळतो, हे खरं आहे. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतात. म्हणून तर तो ओलावा न शिरणाऱ्या चमकत्या फॉइलच्या पाकिटात येतो आणि पाकीट फोडलं की आम्ही तो वापरून टाकतो, ठेवून देत नाही. पण त्याचा वेगही ठरलेला आहे. दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांनी ५० टक्के, चार आठवड्यांनी २५ टक्के. दोन ते अडीच महिन्यांत तो पुरता नाहीसा होतो. विरघळणाऱ्याच दोऱ्यांतला मोनोक्रिल याहून लवकर सैल पडतो, पीडीएस बराच जास्त टिकतो. हे आकडे शरीराच्या आतल्या ओलाव्याचे आहेत. वरून केलेल्या आंघोळीने त्यात फरक पडत नाही, कारण बंद झालेल्या कातडीखाली ते पाणी पोहोचतच नाही.

मग धुण्याने फरक पडतो तरी कुठे? चार ठिकाणी, आणि ती चारही नीट माहीत हवीत.

पहिलं, कातडीच्या वरून घातलेले झटपट विरघळणारे दोरे. चेहऱ्यावर, ओठांवर, लहान मुलांना आम्ही मुद्दाम असे दोरे घालतो, म्हणजे काढायला बसावं लागत नाही. यातल्या व्हिक्रिल रॅपिडची अर्धी ताकद पाचव्या दिवसालाच गेलेली असते. अशा टाक्यांवर सातव्या ते दहाव्या दिवशी ओला कापूस फिरवला की धागा हातात येतो, आणि तो यावा हीच अपेक्षा असते. कॅटगट हा जनावरांच्या आतड्यापासून केलेला जुना दोरा अजूनही काही ठिकाणी वापरात आहे. तो पाण्याने नाही तर शरीरातल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनी (एन्झाइमांनी) तुटतो, म्हणून जखमेत पू झाला की फार लवकर जातो.

दुसरं, रेशमी दोरा. तो पिळदार असतो. दिव्याची वात तेल ओढते तसा तो वरचं पाणी आणि त्यातले जंतू आत ओढू शकतो. त्याची ताकद लगेच जात नाही, पण टाका पिकण्याचा धोका वाढतो. ‘टाक्यांना पाणी लावू नका’ ही सक्त ताकीद पिळदार दोऱ्यांच्या काळात जास्त अर्थपूर्ण होती, असं मला वाटतं. दोरे बदलले, ताकीद तशीच राहिली.

तिसरं, जखमेचा डिंक. काही जखमा टाक्यांऐवजी डिंकाने चिकटवतात. त्यावर पेट्रोलियम जेली किंवा तेलकट मलम लावलं तर तो डिंक सुटतो. इथे पाण्यापेक्षा मलम धोक्याचं. चौथं, जखमेच्या कडा जवळ धरायला वरून चिकटवतात त्या कागदी पट्ट्या. त्या भिजून, घासून सुटतात. हलक्या हाताने टिपून कोरड्या केल्या तर आठवडाभर सहज राहतात.

अण्णांचा टाका नायलॉनचा, म्हणजे या चौघांपैकी एकही नाही. तरी तो निघाला. का, ते तो पडलेला टाकाच सांगेल. फेकला नसेल तर उजेडात नीट बघा.

दोऱ्याचं वेटोळं पूर्ण असेल, गाठ घट्ट असेल आणि तो अख्खा बाहेर आला असेल, तर दोरा तुटलेला नाही, दोऱ्याने कातडी कापली आहे. दोरा सरळ झाला असेल, त्यावर नुसत्या वळ्या दिसत असतील आणि गाठ सुटलेली असेल, तर गाठ निसटली आहे. आणि गाठ शाबूत असून दोरा मध्येच तुटला असेल, तरच दोऱ्याच्या ताकदीचा प्रश्न उरतो. नायलॉनमध्ये हे मी क्वचित पाहिलंय. तिथेही कारण बहुधा टाका घालतानाचं निघतं. चिमट्याने किंवा सुई धरायच्या अवजाराने दोरा मध्येच दाबला गेला की त्या जागी तो कायमचा कमजोर होतो. म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, दोरा धरायचा तर टोकाला धरा, मध्ये कधीच नाही.

अण्णांच्या बाबतीत मला दुसरी शक्यता जास्त वाटते. नायलॉन गुळगुळीत आणि ताठ असतो. पाकिटात तो जसा गुंडाळलेला असतो तसंच व्हायला बघतो. म्हणून त्याला चार-पाच वेढ्यांची गाठ द्यावी लागते. त्यातला एखादा वेढा ढिला राहिला तर गाठ हळूहळू उकलते. शिवाय ऑपरेशननंतर कातडीला सूज असते. आठवड्याने ती उतरली की टाका थोडा सैल वाटू लागतो. अशा वेळी टाक्याच्या टोकांना सुकलेलं रक्त लागून गॉज चिकटलेला असेल आणि तो कोरडाच ओढला, तर टाका येतोच. म्हणजे सफाईमुळे टाका गेला हे खरं, पण तो ओढाताणीने गेला. दोरा कुजला नाही.

पहिल्या प्रकारचं एक उदाहरण सांगतो. ऊसपट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या पाठीवरची अशीच गाठ मी काढली होती. सहाव्या दिवशी तो जखम उघडी घेऊन आला. घरच्यांची खात्री होती की आदल्या रात्री आंघोळ केली म्हणून टाके गेले. मी पाहिलं तर पाचही टाके गाठीसकट जागेवर होते, आणि एका बाजूची कातडी त्यांनी सुरीने चिरल्यासारखी कापली होती. विचारल्यावर कळलं, आदल्या दिवशी त्याने ट्रॉलीत उसाच्या मोळ्या चढवल्या होत्या. दोन्ही हात वर करून ओझं उचललं की पाठीची कातडी दोन बाजूंना खेचली जाते. दोरा ताठ राहिला, कातडी हरली. त्या दिवसापासून पाठीच्या प्रत्येक पेशंटला मी आंघोळीबद्दल बोलण्याआधी विचारतो, घरी काम काय करता?

याचं कारण जखमेच्या स्वतःच्या ताकदीत आहे. वरची कातडी एक-दोन दिवसांत मिटते, पण ती फक्त झाकण असते. आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तयार होऊन पक्कं व्हायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या साधारण २० टक्के ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यापुढे ती फारशी वाढत नाही. पूर्ण शंभर टक्के कधीच होत नाही. म्हणजे टाके काढतो त्या दिवशी जखम स्वतःच्या बळावर फारच थोडी उभी असते. आतले विरघळणारे टाके तोवर तिला धरून असतात.

आता दुसरा प्रश्न, जखमेचा. इथे तुमच्या सफाईबद्दल मला काही बदल सुचवायचेत.

हायड्रोजन पेरॉक्साइड आजच बंद करा. आपल्याकडे दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं आणि लोक तसंच वापरतात. फेस येतो म्हणून घाण निघतेय असं वाटतं. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींमधल्या एका विकरामुळे येतो, जंतू असोत वा नसोत. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोलॅजन बनवणाऱ्या पेशींवर नेहमीची जंतुनाशकं टाकून पाहिली होती. ३ टक्के पेरॉक्साइड आणि १ टक्का पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीनमधलं औषध ते हेच), दोन्हींनी त्या पेशी मारल्या. पोव्हिडोन आयोडीन खूप पातळ केल्यावर पेशी वाचल्या आणि जंतू मात्र मेले. पेरॉक्साइडचं तसं झालं नाही. हा प्रयोग काचेच्या भांड्यातला होता. माणसाच्या मिटलेल्या जखमेत औषध तितकं आत जात नाही, म्हणून नऊ दिवसांत अण्णांचं मोठं नुकसान झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण ज्या पेशी जखमेला ताकद देतात, त्यांच्यावर रोज औषध ओतण्याचं कारण काय? बाजारातलं बीटाडीन ५ किंवा १० टक्क्यांचं असतं. ऑपरेशनच्या आधी अखंड कातडीवर ते उत्तम. मिटलेल्या, स्वच्छ जखमेवर रोज लावायची गरज नसते. डेटॉल आणि सॅव्हलॉनचंही तेच.

पाण्याची भीतीही सोडा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ८५७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर एका गटाला बारा तासांनी पट्टी काढून नेहमीसारखी आंघोळ करू दिली, दुसऱ्याला ४८ तास जखम कोरडी ठेवायला सांगितली. जंतुसंसर्ग पहिल्या गटात ८.४ टक्के आणि दुसऱ्यात ८.९ टक्के झाला. जवळजवळ सारखाच. मी स्वतः तरीही ४८ तास थांबायला सांगतो, कारण तोवर वरचं झाकण नीट मिटतं आणि घरच्यांनाही धीर येतो.

पाणी कुठलं, याला मात्र महत्त्व आहे. नळाचं स्वच्छ पाणी चालतं. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर उकळून कोमट केलेलं घ्या. नदी, शेततळं, पोहण्याची विहीर टाके निघेपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर नको. बादली-तांब्याने आंघोळ उत्तम, जखमेवर पाणी नुसतं वाहू द्यायचं. साबणाचा फेस वरून ओघळला तर चालतो, घासायचं नाही. घासणी किंवा पंचा तर अजिबात नाही.

मी माझ्या पेशंटना असं सांगतो. औषधाच्या दुकानातून एनएसची, म्हणजे नॉर्मल सलाइन या निर्जंतुक मिठाच्या पाण्याची, छोटी बाटली आणा. नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ विरघळवून गार करा. हात साबणाने धुवा. पट्टी चिकटली असेल तर तिच्यावरच हे पाणी ओता आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ती आपोआप सुटते. सोलायची नाही, आणि काढताना जखमेच्या रेषेला समांतर काढायची, आडवी नाही. आडवी ओढली की प्रत्येक टाक्यावर ताण येतो. टाक्यांभोवतीची खपली ओल्या गॉजने टिपत राहा. निघाली तर निघाली, नखाने उकरायची नाही. मग कोरड्या गॉजने टिपा आणि साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, म्हणजे उद्याची पट्टी चिकटणारच नाही. दिवसातून एकदा एवढं पुरे. दिवसातून तीनदा पुसणाऱ्यांच्या जखमा मी जास्त बिघडलेल्या पाहिल्यात.

जेलीऐवजी अँटिबायोटिक मलम का नको, असं तुम्ही विचाराल. १९९६ मध्ये अमेरिकेत ९२२ रुग्णांवर अशी तुलना झाली, एका बाजूला बॅसिट्रॅसिन मलम आणि दुसऱ्या बाजूला साधी पेट्रोलियम जेली. संसर्गात लक्षणीय फरक पडला नाही. मलमाची अॅलर्जी मात्र मलमाच्या गटातल्या चौघांना झाली, जेलीच्या गटात कुणालाच नाही. आपल्याकडे सोफ्रामायसिन आणि नियोस्पोरिन घरात पडलेलं असतं आणि काहींना त्याची चांगलीच अॅलर्जी येते. टाक्यांभोवती लाल, खाजरी, बारीक फोडांची कातडी दिसली की घरचे म्हणतात टाके पिकले. खूप खाज आणि दुखणं कमी असेल तर मी आधी मलम बंद करायला सांगतो. हळदीचंही सांगून ठेवतो. हळदीबद्दल मला आदर आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि ती लावली की कातडीची लाली दिसेनाशी होते. लाली दिसणं आमच्यासाठी फार गरजेचं असतं.

आत्यांनी कदाचित वांगं, भात आणि आंबटही बंद केलं असेल. यातल्या कशानेही टाके पिकत नाहीत. उलट कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतं आणि ते लिंबू, आवळा, पेरूत असतं, म्हणजे घरात नेमकं जे बंद होतं त्यातच. अण्णांना डाळ, अंडी, दूध भरपूर द्या. तंबाखू मळत असतील तर निदान हे तीन आठवडे सोडायला सांगा, कारण निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आणि साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. दोऱ्यापेक्षा या गोष्टींवर जखम जास्त अवलंबून असते.

तर अण्णांसाठी आत्ता काय? निघालेल्या टाक्याच्या जागी कडा मिटलेल्या असतील, तर काहीच करायला नको. नवव्या दिवशी एका टाक्याने अडत नाही, वर एक कागदी पट्टी आडवी लावा. फट दिसत असेल, आत गुलाबी मांस दिसत असेल, तर उद्याच डॉक्टरांना दाखवा. घरी ओढून चिकटवू नका. उरलेले सात टाके धुण्याने जाणार नाहीत, ओढल्याने जाऊ शकतात. तेव्हा आंघोळ चालू राहू द्या आणि पट्टी सोलणं बंद करा. टाके काढण्याचा दिवस मी पाठीसाठी शक्यतो बारावा ते चौदावा धरतो. अण्णांना साखर असेल किंवा गाठ खांद्याच्या हालचालीच्या जागी असेल तर चौदावाच. नक्की दिवस ज्यांनी ऑपरेशन केलं तेच ठरवतील, कारण आत किती टाके घातलेत आणि कातडीवर ताण किती होता हे त्यांनीच पाहिलंय.

दुखणं कमी होत आलेलं असताना पुन्हा वाढलं, लाली पसरत गेली, पू किंवा वास आला, ताप आला, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि महिना-दीड महिन्याने जखमेच्या रेषेवर पुटकुळी येऊन पांढुरका धाग्याचा तुकडा डोकावला तर घाबरू नका. तो आतला विरघळणारा टाका आहे, शरीर त्याला बाहेर ढकलतंय. दवाखान्यात चिमट्याने तो काढला की पुटकुळी बसते.

टाके निघाल्यावर किमान दोन-तीन आठवडे कागदी पट्ट्या राहू द्या आणि सहा आठवडे अण्णांना पोतं, घागर, मोळी उचलू देऊ नका. नातवाला खांद्यावर घेण्याचाही हट्ट धरतील, तोही तोवर थांबवा. टाके काढायला जाल तेव्हा ऑपरेशनचा कागद बरोबर न्या आणि निघालेला टाका सापडला असेल तर तो कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवा. गाठ सुटलीय की कातडी कापलीय, हे ते एका नजरेत सांगतील, आणि उरलेले सात कोणत्या दिवशी काढायचे हेही त्यावरूनच ठरेल.